राजकीय सिम्युलेशन गेममधील कायदेप्रक्रियेवर अभिप्राय कसा द्यावा

राजकीय सिम्युलेशन गेममधल्या करांवर किंवा अर्थसंकल्पावर तक्रार करणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे आकडा चुकला की तो लगेच डोळ्यांत भरतो. कायदे करण्याच्या प्रक्रियेवरची तक्रार मात्र बहुतेक वेळा ‘विधेयक मंजूरच होत नाही’ एवढ्या एका वाक्यात संपते आणि डेव्हलपरच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. विधेयक अडणे हा गेममधला दोष आहे, की राजकारण कठीण वाटावे म्हणून मुद्दाम उभा केलेला अडथळा आहे, हे त्या वाक्यावरून ठरवता येत नाही. अभिप्राय लिहायला बसण्यापूर्वी हा उलगडा खेळाडूने स्वतःच करून घ्यायला हवा.

त्यासाठी आपला गेम कायद्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आधी समजून घ्यावे. ‘डेमोक्रसी’ मालिकेत धोरण म्हणजे कमी-जास्त करता येणारी एक पट्टी असते. खेळाडूला मर्यादा असते ती मंत्र्यांकडून मिळणाऱ्या राजकीय भांडवलाची, सभागृहातील मतांची नव्हे. २०२२ मध्ये आलेल्या ‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये नव्या कायद्यामागे हितसंबंधी गटांचे बळ उभे करावे लागते आणि त्यानंतरही कायदा पुढे सरकणार, चर्चेत रेंगाळणार की अडून बसणार, हे टप्प्याटप्प्याने काही अंशी नशिबावर ठरते. २०२० च्या ‘सुझरेन’ मध्ये खेळाडू राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत असतो. समोर आलेल्या विधेयकावर सही करायची की नकाराधिकार वापरायचा, हे त्याला ठरवावे लागते. ब्राउझरवर २००२ पासून चालणाऱ्या ‘नेशनस्टेट्स’ ची तऱ्हा आणखी वेगळी आहे. तिथल्या जागतिक सभेत ठरावाचा मजकूर खेळाडू स्वतः लिहितात, परंतु देशांच्या आकडेवारीवर होणारा परिणाम ठरावासाठी निवडलेल्या वर्गवारीवरून ठरतो, त्यातल्या शब्दांवरून नाही. शिवाय मंजूर ठरावात दुरुस्ती करता येत नाही, तो रद्द करून नवा आणावा लागतो. तेव्हा ‘डेमोक्रसी’ च्या निर्मात्यांकडे विधेयकाचे दुसरे वाचन (सभागृहात त्यावर होणारी चर्चेची फेरी) कुठे आहे, अशी विचारणा करणे म्हणजे त्यांच्याकडे निराळाच गेम मागणे होय. तशी मागणी करायला हरकत नाही, पण ती सूचना म्हणून वेगळी लिहावी, दोषांच्या यादीत घुसडू नये.

यानंतर आपली अडचण कायद्याच्या प्रवासात नेमकी कुठे आली, ते शोधावे. मसुदा, पाठिंबा गोळा करणे, मतदान, अंमलबजावणी आणि समाजावर होणारा परिणाम हे टप्पे बहुतेक गेममध्ये कमी-अधिक प्रमाणात असतातच, आणि लक्षण एक असले तरी मूळ दुसऱ्याच टप्प्यात असू शकते. ‘कायदा केला, पण काहीच बदलले नाही’ ही नेहमीची तक्रार घ्या. समजा, किमान वेतन वाढवणारा कायदा मंजूर झाला आणि त्याचा पूर्ण परिणाम गेमच्या घड्याळाप्रमाणे दोन वर्षांनी दिसणार आहे. ही मुदत पडद्यावर कुठेच लिहिलेली नसेल, तर खेळाडू सहा महिने वाट पाहतो, कायदा निकामी ठरवतो आणि मागे घेतो. इथे आकड्यांमध्ये काहीही चुकलेले नाही. चूक माहिती दाखवण्यात आहे. ‘परिणाम वाढवा’ असा अभिप्राय अशा वेळी दिला आणि डेव्हलपरने तो मानला, तर दोन वर्षांनंतर तोच कायदा अर्थव्यवस्था उलथून टाकेल. म्हणून कायद्याचा तपशील दाखवणारी चौकट, टूलटिप (माउस नेल्यावर उमटणारी छोटी माहितीची चौकट) आणि आलेख तपासून, आपल्याला कोणती माहिती हवी होती आणि ती कुठे सापडली नाही, एवढे तरी अवश्य नोंदवावे. माझ्या मते कायदेप्रक्रियेवरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा मुळात इंटरफेसच्या तक्रारी असतात.

नशिबाचा भाग असलेल्या गेममध्ये आणखी सावध राहावे लागते. मंजुरीची शक्यता ७० टक्के दाखवलेली असताना कायदा सलग तीनदा फसला, तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. तीन ठरावीक प्रयत्न लागोपाठ फसण्याची शक्यता २.७ टक्केच असते हे खरे. पण एका मोठ्या डावात ७० टक्के शक्यतेचे ४० प्रयत्न झाले, तर कुठे ना कुठे सलग तीन अपयशांची साखळी दिसण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. गणित चुकते आहे असा आरोप करायचा असेल, तर सर्व निकालांची नोंद ठेवावी, फक्त मनस्ताप देणाऱ्या निकालांची नव्हे. जुनी सेव्ह फाइल पुन्हा उघडून तोच निकाल आला, तर तोही पुरावा समजू नये; काही गेम पुढच्या फाशाचे दान सेव्हमध्येच साठवून ठेवतात. मात्र ‘आकडे बरोबर आहेत, तरीही तीन अपयशांनंतर माझ्या हातात करण्यासारखे काही उरत नाही’ ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे, आणि ती याच शब्दांत लिहावी.

राजकीय मते हा या विषयातला सर्वांत निसरडा भाग आहे. आपल्याला पटणारे धोरण गेममध्ये अपयशी ठरले की तो गेम पक्षपाती वाटू लागतो. त्यावर एक साधी कसोटी लावून पाहावी: हाच अडथळा नेमक्या उलट विचारांच्या विधेयकाला आला असता, तरी आपण हा अभिप्राय लिहिला असता का? शक्य असेल तर दुसऱ्या डावात ते उलट विधेयक खरोखरच मांडून पाहावे. दोन्हींना सारखाच त्रास होत असेल, तर मुद्दा प्रक्रियेचा आहे. एकालाच होत असेल, तर दोन्ही डावांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून मांडलेला पक्षपाताचा आरोप डेव्हलपरला गंभीरपणे घ्यावाच लागतो.

प्रत्यक्ष लेखन कसे असावे, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. ‘युतीतले पक्ष उगाच दगा देतात, हे बंद करा’ याऐवजी असे लिहावे: ‘१२० सदस्यांच्या सभागृहात मतदानापूर्वीचा अंदाज ६४ अनुकूल मतांचा होता. प्रत्यक्षात ५७ मते मिळाली, कारण युतीतील एका पक्षाचे सात सदस्य विरोधात गेले. महिनाभर आधी मी त्या पक्षाचा एक मंत्री हटवला होता. मते त्यामुळे फुटली असतील, तर तसे अंदाजात किंवा निकालात कुठेच दिसले नाही.’ एवढ्या मजकुरावरून अंदाजाचे सूत्र चुकते आहे, की मते फुटण्याचा नियम नीट चालतो पण दिसत नाही, की मंत्री हटवण्याची शिक्षा दोनदा मोजली जाते, याचा तपास सुरू करता येतो. ‘बंद करा’ हे त्यात आले नाही, तेही बरेच झाले. उपाय सुचवायचा मोह सर्वांना होतो आणि एखादा उपाय शेवटी जोडायला हरकत नाही, पण अडचणीचे वर्णन त्याच्या ओझ्याखाली दबता कामा नये.

‘वास्तवात असे होत नाही’ हा युक्तिवाद वापरायचा असेल, तर कोणते वास्तव, तेही सांगावे. अमेरिकेत अध्यक्षांचा नकाराधिकार मोडून काढायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात, तर ब्रिटनमध्ये १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनंतर लॉर्ड्स सभागृह बहुतेक सार्वजनिक विधेयके लांबवू शकते, कायमची रोखू शकत नाही. काल्पनिक देशाच्या गेमने यांपैकी कोणती पद्धत उचलावी, हा निर्मात्यांचा अधिकार आहे. त्यांनी स्वतःच जाहीर केलेल्या नियमांशी गेम विसंगत वागत असेल, तर तो मुद्दा अधिक वजनदार ठरतो.

अभिप्राय पाठवताना गेमचे व्हर्जन, काठिण्यपातळी, वापरलेले मॉड (खेळाडूंनी गेममध्ये बदल करण्यासाठी बनवलेल्या जोडफाइली) आणि मतदानाच्या लगेच आधीची सेव्ह फाइल सोबत द्यावी. मॉड असतील, तर ते काढून तोच प्रसंग एकदा तपासावा, कारण कायद्यांचे आकडे बदलणारे मॉड अनेक असतात. एका अभिप्रायात एकच मुद्दा ठेवावा. पुढे अपडेटमध्ये बदल झाल्याचे जाहीर झाले, तर जुन्या डावावरून निष्कर्ष काढू नये. जुन्या सेव्हमध्ये कधीकधी आधीचीच मूल्ये राहून जातात. नवा डाव सुरू करून, त्याच प्रकारचे विधेयक त्याच टप्प्यापर्यंत नेऊन पाहावे आणि अडचण सुटली असो वा नसो, मूळ अभिप्रायाखाली नव्या व्हर्जनच्या क्रमांकासह तसे नोंदवावे.