ग्रुपवरची लिंक: बोट लावण्याआधी आणि लागल्यानंतर

तासगावच्या बेदाणा सौद्यांचा ग्रुप असो, साखर कारखान्याच्या सभासदांचा असो की भावकीचा, घातक लिंक अनेकदा ओळखीच्याच नंबरवरून येते. त्या माणसाचा फोन आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो आणि मेसेज त्याच्या नकळत सुटलेला असतो. त्यामुळं ‘आपल्या आण्णांनीच टाकलंय’ हा पुरावा धरू नका, आण्णांना फोन लावा. चॅटवर विचारून उपयोग नाही, ‘हो, मीच पाठवलंय’ असं उत्तरही चोरच देऊ शकतो.

पहिलं काम फोनच्या सेटिंग्जमध्ये. अँड्रॉइडवर ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ हा पर्याय शोधा. कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अननोन’ टाइप करणं सोपं. तिथं व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांची परवानगी काढून टाका. ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान यादी’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांनी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल येते, ती इथंच अडते. अशी फाइल नुसती उतरली म्हणून काही बिघडत नाही. ती इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याला दिसतो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिली तर पडदा वाचणं, बटणं दाबणं हेही परक्याच्या हातात जातं. लग्नपत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला वाचायचेत?

आता लिंकचा पत्ता वाचायची रीत. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. पुढं पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथं थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडं वाचा. खरा मालक शेवटी असतो. ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ हा सरकारी पत्ता. त्यालाच पुढं ‘डॉट यादी डॉट टॉप’ जोडलं, तर ते संकेतस्थळ ‘यादी डॉट टॉप’वाल्याचं झालं, आधी काहीही लिहिलेलं असो. ‘गव्ह’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तरी तो सरकारी नव्हे. बँकांना रिझर्व्ह बँकेनं 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, म्हणून बँकेच्या नावाच्या लिंकमध्ये ते शेपूट आहे का बघा. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर भिस्त ठेवू नका. मधल्या वाटेत कुणी वाचत नाही एवढंच ते सांगतं, आणि चोराच्या दुकानालाही कुलूप असतंच. लिंकखाली दिसणारं चित्र आणि मथळाही त्या संकेतस्थळानंच ठरवलेला असतो. टेलिग्रामवर अक्षरांमागं वेगळाच पत्ता लपवता येतो. तिथं उघडण्याआधी खरा पत्ता दाखवणारी चौकट येते, ती न वाचता ‘ओपन’ दाबू नका. आखूड केलेल्या लिंकमध्ये काहीच कळत नाही, ती सोडून द्या.

हंगामात ‘उसाचं बिल जमा होण्यासाठी केवायसी करा’ असा मेसेज हमखास पटतो. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणं ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते लांबले की माणूस लिंककडं आशेनं बघतो. बिल अडलं असेल तर कारखान्याच्या शेती गट कार्यालयात किंवा बँकेत विचारा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

बोट लागलंच तर? नुसतं पान उघडलं आणि काही भरलं नाही, तर ते बंद करा, पुढं काही इन्स्टॉल करू नका. पासवर्ड भरला असेल तर दुसऱ्या फोनवरून लगेच बदला. एपीके बसवलं असेल तर आधी फ्लाइट मोड लावा आणि वायफाय वेगळं बंद झालंय का पाहा. सिम काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तिथंच गोठवता येतात, म्हणून इथं मिनिटं मोजायची. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वरही तक्रार करता येते. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणं चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. घाबरून चॅट पुसू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या.

मग ते अ‍ॅप काढा. त्याला बऱ्याचदा आयकॉनच नसतो, म्हणून सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत शोधा. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल तर ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीतून त्याला आधी बंद करा. तेही जमलं नाही तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून बसवलेली अ‍ॅप्स बंद ठेवून चालू करा आणि तिथून काढा, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं. सिम परत घातल्यावर *#21# डायल करून कॉल दुसरीकडं वळवलेत का बघा, वळवले असतील तर ##002#. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधली अनोळखी यंत्रं काढा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 अंकी पिन लावा.

ग्रुप तुमचा असेल तर नवीन सभासदाला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा. घातक फाइल दिसताच ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, आणि ज्याच्या नंबरवरून ती आली त्याला फोन साफ होईपर्यंत ग्रुपबाहेर ठेवा. पण का काढलं ते त्याला फोन करून सांगा, नाहीतर भावकीत दुसरंच काही उभं राहतं.