पश्चिम उत्तर प्रदेशातील ऊसपट्ट्यात गावी मुक्कामाला जाताय? या चुका टाळा

हरिद्वार पाहायला निघालेला मराठी प्रवासी दिल्लीच्या उत्तरेकडील ज्या सपाट, हिरव्या मुलखातून जातो, तो मेरठ, बागपत, शामली, मुजफ्फरनगर आणि सहारनपूर या जिल्ह्यांचा ऊस-गव्हाचा पट्टा आहे. कार्यालयातील सहकाऱ्याच्या, फौजेतील जुन्या सोबत्याच्या किंवा मुलांच्या वसतिगृहातील मित्राच्या ओळखीने तिथल्या एखाद्या गावात दोन-चार दिवस राहून येण्याचे बेत आता बरेच लोक आखतात. या मुक्कामात ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक मला एकाच मुळाशी जाऊन पोहोचताना दिसतात: हा मुलूख आपल्याला परिचयाचा वाटतो. ऊस आपल्याकडेही आहे, गुऱ्हाळ आहे, साखर कारखान्याचे राजकारण आहे, ‘राम राम’ही आहे. त्यामुळे मुंबईत वाढलेला माणूस तिथे निदान विचारून पाऊल टाकतो. सांगली-कोल्हापूरकडच्या गावात वाढलेला मात्र ‘गाव म्हणजे काय ते मला ठाऊक आहे’ अशा भरवशावर वागतो आणि अधिक चुकतो.

तारीख आपल्या पंचांगावरून ठरवणे

आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण कृष्ण पक्षात तिकडे पुढच्या महिन्याचे नाव लागलेले असते. त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आषाढ वद्य पाहून ‘श्रावणाच्या गर्दीआधी जाऊन येऊ’ असा हिशेब करणारा प्रवासी नेमका तिथल्या सावनात, म्हणजे कांवड यात्रेच्या ऐन भरात जाऊन पोहोचतो. गुरुपौर्णिमेपासून साधारणपणे आपल्या दीप अमावास्येच्या आदल्या दिवसापर्यंत हरिद्वारहून गंगाजल घेऊन लाखो लोक पायी परततात, दिल्ली-मेरठ-मुजफ्फरनगर-हरिद्वार हा मुख्य रस्ता टप्प्याटप्प्याने वाहनांना बंद केला जातो, बसगाड्या लांबच्या मार्गांनी वळवल्या जातात आणि दोन तासांच्या प्रवासाला सहा तास लागू शकतात. यात्रा पाहणे हाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. गाव पाहायचे असेल तर तो पंधरवडा टाळावा. तारखा ठरून गेल्याच असतील, तर रस्त्याचा हट्ट सोडून रेल्वेने जावे. दिल्लीहून मेरठ-मुजफ्फरनगरमार्गे एक आणि बागपत-शामलीमार्गे एक, असे सहारनपूरकडे जाणारे दोन लोहमार्ग आहेत. त्या दिवसांत गाड्यांना गर्दी असते, पण त्या चालू राहतात.

होळीचेही असेच. आपण धुळवड आटोपून रंगपंचमीची वाट पाहतो. तिकडे रंग होळीच्या दुसऱ्याच दिवशी खेळला जातो आणि त्या दिवशी दुपारपर्यंत वाहन, दुकान, दवाखाना यांपैकी काहीही मिळेल अशी आशा धरू नये.

ऋतूंबाबत थोडक्यात सांगायचे तर डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत दाट धुके असते आणि त्यात गाड्या व विमाने तासन् तास रखडतात, म्हणून या काळातल्या परतीच्या प्रवासात दोन गाड्यांच्या मध्ये किमान अर्धा दिवस मोकळा ठेवावा. मे-जूनमध्ये लू वाहते आणि दुपारी गावात कोणी बाहेर दिसत नाही. फेब्रुवारीची अखेर आणि मार्च हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ आहे: धुके सरलेले असते, गव्हाला ओंब्या आलेल्या असतात, आंब्याला मोहोर असतो आणि गुऱ्हाळे अजून चालू असतात.

यजमानाची ‘पर्ची’ न विचारणे

साखर हंगाम तिथे साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिल-मेपर्यंत चालतो. महाराष्ट्रात कारखाना टोळी पाठवतो, टोळी ऊस तोडते आणि शेतकरी बांधावर उभा राहून देखरेख करतो. तिथे बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या टोळ्यांची आपल्यासारखी पद्धत नाही. शेतकऱ्याला ऊस घालण्याची पर्ची मिळते, हल्ली ती मोबाइलवर संदेश म्हणून येते, आणि ठरलेल्या मुदतीत ऊस तोडून, सोलून, ट्रॉलीत किंवा रेड्याच्या बुग्गीत भरून कारखान्याच्या खरेदी केंद्रावर पोहोचवणे ही त्याची स्वतःची जबाबदारी असते. घरातली माणसे आणि गावातले मजूर मिळून हे काम उरकतात. ऊस सोलायला येणारे बरेच जण मोबदल्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन जातात, ज्याला तिथे अगोला म्हणतात, कारण थंडीत जनावरांचा मोठा आधार तोच असतो.

याचा पाहुण्याशी संबंध असा की, यजमान दोन महिन्यांपूर्वी ‘कधीही या’ म्हणालेला असला, तरी पर्ची कोणत्या दिवशी येईल हे त्याच्या हाती नसते. पर्ची आलेल्या दिवशी घरातला कर्ता माणूस पहाटे शेतात जातो आणि केंद्रावरच्या रांगेतून कदाचित मध्यरात्री परततो. तरीही पाहुण्याला कोणी ‘आज नको’ म्हणणार नाही. चुलतभाऊ कामावरून काढून तुमच्या दिमतीला दिला जाईल. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पर्चीबद्दल स्पष्ट विचारावे आणि शक्य असल्यास मुक्काम एक-दोन दिवस मागेपुढे करावा. पोहोचल्यावर कळले, तर मला गाव दाखवा हा आग्रह सोडून शेतावर जाऊन बसावे. ऊस सोलणाऱ्यांच्या गप्पा ऐकत काढलेला असा दिवस मला तरी कोणत्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा मोलाचा वाटतो.

शेवटच्या दहा किलोमीटरचा विचार न करणे

दिल्लीपासून मुजफ्फरनगर सुमारे १२५ किलोमीटर आहे आणि तिथवरचा प्रवास सोपा आहे. अडचण तालुक्याच्या कसब्यापासून गावापर्यंत होते. टेंपो आणि ई-रिक्षा माणसे भरल्यावर सुटतात आणि हिवाळ्यात अंधार पडताच बंद होतात. अशा वेळी भाड्याची मोटार घेऊन रात्री निघणे ही खरी धोकादायक चूक आहे, कारण हंगामात अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेल्या ट्रॉल्या आणि बुग्ग्या मागचा दिवा नसताना चालत असतात आणि धुक्यात त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. उशीर झालाच, तर कसब्यात मुक्काम करावा, यजमानाला तसे कळवावे आणि सकाळी धुके विरल्यावर निघावे. तो मोटारसायकल घेऊन न्यायला येतो म्हणाला, तरी नको म्हणावे.

घरात सरळ आत शिरणे

तिथल्या अनेक शेतकरी कुटुंबांत, विशेषतः जुन्या घरांत, पुरुषांची बैठक आणि जनावरांचा गोठा मिळून एक वेगळे आवार असते. त्याला घेर म्हणतात आणि ते राहत्या घरापासून थोडे दूर, कधी कधी दुसऱ्या गल्लीतही असते. पाहुणा पुरुष घेरात उतरतो, तिथेच जेवतो आणि तिथेच झोपतो. आपल्याकडे ओसरीवरून माजघरात डोकावून ‘वहिनी, चहा टाका’ म्हणण्यात आपलेपणा असतो. तिथे बोलावल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडणे हा उद्धटपणा ठरतो. जोडपे गेले तर पत्नीला घरात आणि पतीला घेरात ठेवले जाण्याची शक्यता असते आणि त्यावरून रुसून यजमानाला संकटात टाकू नये. उलट स्त्री प्रवाशाला यात एक लाभ आहे: तिला चूलही पाहता येते आणि बैठकीतही मान मिळतो, तर पुरुषाला अर्धे गाव बंदच राहते.

स्नानगृह आणि शौचालय कुठे आहे, ते घरात आहे की घेरात, रात्री तिकडे कसे जायचे, हे पोहोचल्यावर लगेच विचारावे. संकोचापोटी हा प्रश्न मध्यरात्रीपर्यंत लांबवणारे पुष्कळ असतात.

बैठकीत खाटा मांडलेल्या असतात आणि त्यांवर बसण्याचीही रीत आहे. खाटेच्या ज्या टोकाला दोर सैल सोडून अदवान, म्हणजे खाट ताणण्याची दोरी, ओढलेली असते, ते पायथ्याचे टोक. घट्ट विणीचे टोक उशाचे. उशाकडची बाजू वडीलधाऱ्याची किंवा मानाच्या पाहुण्याची असते. तुम्हाला तिथे बसवले जाईल, पण म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवर आपणहून उशाशी टेकू नये. मधोमध ठेवलेला हुक्का हाही केवळ तंबाखूचा विषय नाही. कोणी कोणाबरोबर एकाच नळीने हुक्का ओढायचा याला बिरादरीचे नियम आहेत आणि वाळीत टाकण्याला ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणतात ते यामुळेच. गंमत म्हणून नळी हातात घेऊन छायाचित्र काढवून घेणे टाळावे. नळी पुढे केली गेली आणि ओढायची नसेल, तर हात जोडून नकार दिल्यास कोणालाही वाईट वाटत नाही.

छायाचित्रांबद्दल आणखी एक गोष्ट. गोवऱ्यांचे नक्षीदार हुडवे, ज्यांना तिथे बिटौडे म्हणतात, पाहून कॅमेरा बाहेर निघतोच, पण गोवऱ्या थापणाऱ्या किंवा घूंघट ओढलेल्या बायकांचे चित्र घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला विचारल्याशिवाय घेऊ नये. कोणी हटकले, तर वाद न घालता ते चित्र त्यांच्यासमोरच पुसून टाकावे. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो आणि पाठोपाठ चहा येतो.

बोलण्यातले खाचखळगे

या भागातली बोली खडी आहे. समोरचा अनोळखी माणूस ‘तू’ म्हणून बोलू लागला की मराठी प्रवाशाला अपमान झाल्यासारखे वाटते, तर मुंबईच्या हिंदीची सवय असलेला आपला माणूस सत्तरीच्या ताऊंना सहज ‘तुम’ म्हणून जातो आणि त्यांना ते खटकते. त्यांचे ‘तू’ मनावर घेऊ नये, आपण मात्र ‘आप’ सोडू नये. वडीलधाऱ्यांना ताऊ किंवा चाचा म्हणावे. गावात हिंदू आणि मुसलमान दोन्ही शेतकरी असतात, तेव्हा ‘राम राम’ सर्वत्र चालेल असे न धरता ‘नमस्ते’ म्हणणे निर्धोक असते.

‘तुमची जमीन किती?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये. तो मिळकत विचारण्यासारखा आहे आणि उत्तर मिळाले तरी आपल्याला कळत नाही, कारण तिथे कच्चा आणि पक्का असे दोन बिघे चालतात आणि कच्चा बराच लहान असतो. तुम्हाला मात्र ‘कौन बिरादरी?’ असे सरळ विचारले जाईल, कारण मराठी आडनावावरून त्यांना काहीच उमगत नाही. हवे तेवढे सांगावे. सांगायचे नसेल तर गावाचे आणि पिकांचे वर्णन सुरू करावे, विषय बदलतो. २०१३च्या मुजफ्फरनगरच्या हिंदू-मुस्लिम दंगलीची चौकशी पाहुण्याने आपणहून करू नये. ज्यांनी त्यात घर सोडले आणि ज्यांच्या शेजारून ते सोडले गेले, ते अजूनही एकाच बाजारात भेटतात. राजकारणावर बोलायचेच असेल, तर चौधरी चरणसिंहांपासून सुरुवात करावी. शेतकऱ्यांचा हा पंतप्रधान याच मुलखातला, आणि अनेक बैठकींत त्यांची तसबीर असते. उसाची थकलेली बिले हा विषय तर कोणत्याही गावात तासभर पुरतो. आपल्याकडची परिस्थिती सांगितली, तर लोक कान देऊन ऐकतात.

शेतात आणि गुऱ्हाळावर

पाणी दिलेल्या गव्हात पाऊल टाकले की रोपे चिखलात दबतात, म्हणून बांधावरून एकामागे एक चालावे. मोहरीच्या पिवळ्या शेतात मधोमध उभे राहून चित्र काढण्याची हौस शेतकऱ्याच्या पैशांनी भागवली जाते. ती बांधावरूनही भागते. उंच उसात एकट्याने शिरू नये. पाती अंग कापतात, दिशा कळत नाही, आणि शेजारच्या बिजनौर जिल्ह्यात तर उसात राहणाऱ्या बिबट्यांनी माणसे मारलेली आहेत. जुन्नरकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. एप्रिलमध्ये गहू वाळून उभा असताना शेताजवळ विडी-सिगारेट पेटवणे हा गुन्हाच समजावा, कारण एका ठिणगीने वर्षाचे धान्य जाते. ट्यूबवेलच्या हौदात डुंबायचे असेल, तर यजमान सोबत असतानाच उतरावे आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये.

गुऱ्हाळाला तिथे कोल्हू म्हणतात. काहिलीखाली चिपाडेच जळतात, मळी काढण्यासाठी आपण भेंडी वापरतो तिथे ते सुकलाईच्या सालीचा चिकट रस वापरतात, आणि ही तुलना काढली की कारागीर मनापासून बोलू लागतो. फक्त काहिलीच्या काठावर उभे राहू नये, जमीन मळीने निसरडी झालेली असते. ताजा गरम गूळ थोडाच खावा.

पाणी, दूध आणि नकार

घराच्या अंगणातला लहान हापसा बहुधा उथळ थरातले पाणी उपसतो आणि या भागात हिंडन व काली या नद्यांच्या काठच्या गावांत ते पाणी खराब असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. आपली बाटली सोबत ठेवावी आणि ‘पोट नाजूक आहे’ एवढेच कारण द्यावे. पाणी वाईट आहे असे म्हणू नये. दूध मात्र टाळता येत नाही. मोठा पेला भरून येतो आणि पहिला नकार ही केवळ रीत समजली जाते, म्हणून सुरुवातीलाच ‘आधा’ असे हाताने दाखवून सांगावे. पेला रिकामा केला की तो पुन्हा भरतो. थोडे दूध राहू द्यावे. पोट बिघडलेच तर जलसंजीवनी घ्यावी, ताक प्यावे, आणि ताप किंवा रक्त दिसल्यास गावातल्या सुई टोचणाऱ्याकडे न जाता जिल्ह्याचे ठिकाण गाठावे.

निघताना पैसे हातावर ठेवणे

मुक्काम ठरलेल्या भाड्याचा असेल तर हिशेब चोख करावा. यजमान ओळखीचा असेल तर कर्त्या पुरुषासमोर नोटा धरू नयेत, तो दुखावतो. निघताना घरातल्या लहान मुलाच्या हातात काही रक्कम देण्याची त्यांच्यात रीतच आहे आणि ती नाकारली जात नाही. जाताना कसब्यातून मिठाई आणि आपल्याकडची चिक्की किंवा बाकरवडी न्यावी. रस्त्यात भेटलेल्या मुलांना चॉकलेटे आणि नाणी वाटत सुटू नये, पुढच्या पाहुण्यामागे ती मुले धावू लागतात. छायाचित्रे पाठवण्याचे वचन दिले असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी थांबून त्यांच्या प्रती छापून घ्याव्यात आणि गावाकडे जाणाऱ्या टेंपोवाल्याच्या हाती द्याव्यात. ज्या ताईंचा मोबाइल मुलाच्या खिशात असतो, त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग हाच आहे.