रक्तातून पीबीएमसी (एकच गोलसर केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करताना

हेपरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) घातलेलं ताजं रक्त तितक्याच पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) मिसळा. १५ मिलीच्या नळीत ३ मिली फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं जड द्रावण, घनता १.०७७ ग्रॅम/मिली) घ्या, नळी तिरकी धरा आणि कडेने ४ मिली पातळ केलेलं रक्त अगदी हळू सोडा. फायकॉल आधी फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं हवं. थंडीत तांबड्या पेशींचे पुंजके नीट बनत नाहीत आणि त्या पांढऱ्या पेशींच्या थरात अडकून राहतात.

२० अंश सेल्सिअसला, ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट बलावर) ३० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. आकडा जीमध्येच लावा, आरपीएम (मिनिटाला फेरे) रोटरच्या त्रिज्येनुसार बदलतो. आणि ब्रेक बंद! नवख्यांकडून नेमकं हेच राहतं, मग थर ढवळतात.

मधला धुरकट थर, म्हणजेच पीबीएमसी, पिपेटने उचला. सोबत फायकॉल कमीत कमी येऊ द्या. पीबीएसने दोनदा धुवा, दुसऱ्यांदा २०० जीवर, म्हणजे प्लेटलेट वरच्या द्रवात निघून जातात. शेवटी ट्रिपान ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) मोजणी.