चिपटं, मापटं आणि तीन किलो ज्वारी : अंगणवाडीत मापांचा कोपरा कसा मांडावा

सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात अजूनही काही घरांच्या माळ्यावर चिपटं, मापटं, शेर ही धान्य मोजायची जुनी मापं पडून असतात. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. दुपटीचा हा हिशेब चार-पाच वर्षांचं मूल स्वतःच्या हातांनी शोधून काढू शकतं. त्याला ज्वारी, मापं आणि वेळ द्यायचा. बाकी ताईंनी गप्प बसायचं, आणि तेच सगळ्यात अवघड जातं.

एका वेळी चारच मुलं घ्या. त्यांना तीन किलो ज्वारी पुरते (साधारण चार लिटर भरते). सोबत दोन मोठ्या पराती, प्रत्येक मापाचे दोन-दोन नग आणि दोन नरसाळी. नरसाळं एकच ठेवलं तर भांडण ठरलेलं. ज्वारीवरून मुलं भांडत नाहीत, नरसाळ्यावरून भांडतात. खाली जुनी चादर आणि तिच्याखाली गोणपाट, म्हणजे भांड्यांचा खणखणाट कमी होतो. जुनी मापं वेगवेगळ्या घरांतून आणली असतील तर आधी स्वतः भरून पाहा. चेमटलेल्या मापट्यात दोन चिपटी मावत नाहीत आणि मुलाचा शोध तिथेच फसतो. जुनी मिळाली नाहीत तर दुधाची पाव, अर्ध्या आणि एक लिटरची मापं घ्या, हिशेब तोच.

ज्वारी घरच्या खायच्या पोत्यातली असावी. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते खेळायला कधीही देऊ नका. पावसात काळी पडलेली बुरशीची ज्वारीही नको. पाखडून, चाळून एक दिवस उन्हात टाका. पाखडली नाही तर धूस नाकातोंडात जाते, मुलं खाजवत बसतात.

नियम तीनच: ज्वारी चादरीवरच राहील, तोंडात, नाकात, कानात जाणार नाही, उठताना परातीत परत जाईल. जी मुलं अजून सगळं तोंडात घालतात त्यांना हा कोपरा नको. त्यांना बाहेर घमेल्यात तळाशी थोडंसंच पाणी आणि दोन तांबे द्या, पण जवळून हलू नका, आणि खेळ संपला की घमेलं लगेच पालथं करा. नाकात दाणा गेलाच तर पिन, काडी, बोट काहीही घालायचं नाही. दाणा ओलाव्याने फुगतो, तेव्हा थेट डॉक्टरांकडे न्या. शेंगदाणे, हरभरे आणि तासगावकडचे बेदाणे तोंडात जाऊन अडकतात, म्हणून ते इथे आणूच नका. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला देखण्या, पण विषारी.

पहिले चार-पाच दिवस मापं मोजली जाणार नाहीत. मुलं ज्वारीत हात खुपसतील, वरून धार सोडतील, भरलेलं ओततील. हे वाया जाणं नव्हे. ज्वारी कशी वाहते, हे हातांना कळल्याशिवाय माप कळत नाही.

मग एक दिवस कुणीतरी चिपट्याने मापटं भरू लागतं. चिपट्यावर शीग, म्हणजे काठाच्या वर ढीग, चढलेली असते. दुसरं चिपटं ओततानाच मापटं भरून ज्वारी चादरीवर सांडते. मूल थांबतं, मापट्याकडे बघतं, पुन्हा रिकामं करतं. अशा वेळी ‘अगं, सपाट भर ना!’ हे ओठांवर येतंच. गिळा. एक सरळ पट्टी किंवा लाकडी फळी परातीशेजारी ठेवून द्या आणि बाजूला व्हा. दोन दिवसांत नाही तर आठवड्यात कुणाचा तरी हात त्या पट्टीकडे जातो आणि शीग खाली येते. बोलायचंच असेल तर उत्तर न सांगणारं बोला: ‘अजून मावेल का गं?’, ‘मघाशी किती लागली होती?’

पंचवीस मुलांत एकट्या ताईंनी हे कसं सांभाळायचं? खुंटीला चार माळा टांगा. ज्याच्या गळ्यात माळ, तो कोपऱ्यात. उठताना माळ परत खुंटीला. ‘आता माझी पाळी’ ही तक्रार निम्म्याने कमी होते. मदतनीस ताईंनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या मायेने मुलाच्या हातातलं माप घेऊन भरून देतात.

घरून दोन हरकती येतात. ‘अन्न पायदळी तुडवता’ ही आजीची हरकत रास्त आहे. चादरीबाहेर सांडलेलं वेगळ्या डब्यात भरा आणि कोंबड्यांना घाला, मुलांच्या हातूनच. ‘लिहायला कधी शिकवणार?’ असं विचारणाऱ्या पालकांना दहा मिनिटं कोपऱ्याजवळ बसवा. नरसाळ्यात चिमटीने दाणे सोडणारी बोटं त्यांना दाखवा. पेन्सिल धरायला तीच चिमूट लागते. वहीत रोज दोन मुलांची एकेक ओळ लिहा: तारीख आणि काय केलं. ‘आज पट्टी फिरवली, स्वतःहून’ एवढं पुरे. ‘छान खेळला’ या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

शनिवारी ज्वारी चाळून उन्हात टाका, सोंडे दिसले तर बदला. पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात ती सादळते आणि नरसाळ्यात अडकते. तेवढे महिने कोपरा बंद ठेवून हळकुंडं लांबीनुसार लावायला द्या. कपडे पिवळे होतील, हे पालकांना आधीच सांगा.