गोवराची लस: दारात गेल्यावर काय बोलायचं

मी आशा कार्यकर्ती. नवीन मुलींना सांगते, आधी टेकून बसा, पाणी मागा. "माझं पोर ठणठणीत आहे" असं आई म्हणाली, की वाद घालू नका. शेजारचा पाळणा दाखवा: "वहिनी, ते बाळ पाच महिन्यांचं. नऊ महिने भरेपर्यंत त्याला लस नाही. तुमच्या सोनूनं घेतली, तर गोवराची त्याच्याकडे जायची एक वाट बंद होते."

मग सुपात शंभर हरभरे मांडा, पाच बाजूला काढा. गोवर रोखायला शंभर मुलांपैकी उरलेल्या पंच्याण्णवांचे दोन्ही डोस हवेत. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातही, लसीनं इतरांचं रक्षण कसं होतं हे समजावल्यावर लोकांची तयारी वाढली होती.

ताप येऊ शकतो, हे आधीच सांगा. लपवलंत तर सोळाव्या महिन्यानंतरच्या दुसऱ्या डोसाला तेच दार उघडत नाही.