उन्हानं विटलेला गाडीचा रंग घरच्या घरी कसा उजळावा

दहा-बारा वर्षं निंबाखाली किंवा उघड्या अंगणात उभी राहिलेली गाडी भुरकट दिसू लागली की मालक थेट पेंटरचा दर विचारतो. बरेचदा रंग गेलेला नसतो, त्याचा वरचा पापुद्रा तेवढा करपलेला असतो. कंपनीतून येणारा रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यातही वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचाच. घासून जी चमक येते ती याच थरातला थोडा भाग काढून येते, आणि काढलेला परत येत नाही. म्हणून सौम्य उपाय आधी करायचा आणि त्यानं भागलं तर तिथंच थांबायचं.

घासण्याआधी तपासा

भुरकट जागेवर पाणी शिंपडा. ओलं असताना रंग गडद, मूळचा दिसला तर पॉलिशनं काम होईल. ओल्यातही पांढरे डाग आणि त्यांची कड दिसत असेल, नखानं पोपडा सुटत असेल, तर क्लिअर कोट उखडलाय. त्या पत्र्यावर कंपाउंडचे (घासून चमक आणणाऱ्या लेपाचे) पैसे घालवू नका, तो पुन्हा रंगवावाच लागतो. विदर्भात हे आधी टपावर आणि बॉनेटवर दिसतं, कारण ऊन थेट तिथं पडतं.

दुसरी तपासणी पांढऱ्या फडक्याची. थोडं कंपाउंड लावून कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकाच थराचा आहे, वर क्लिअर नाही. जुन्या लाल-पांढऱ्या गाड्या बहुधा अशा असतात आणि त्या उत्तम उजळतात. फडकं कोरं राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. अशा गाडीवर पुढं घासताना रंग फडक्याला येऊ लागला की लगेच हात थांबवा.

वेळ आणि सामान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, सावलीत. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याला हात लागत नाही आणि कंपाउंड लावताक्षणी वाळून ओरखडे काढतं. शेजारच्या वावरात सोयाबीन किंवा तुरीचं थ्रेशर चालू असेल तर त्या दिवशी काम काढूच नका.

कार शाम्पू, १०० ग्रॅम क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा), चार मायक्रोफायबर फडकी, फोमचे दोन पॅड, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, बारीक पॉलिश आणि वॅक्स एवढं पुरतं. हातानं करायचं तर साधारण दीड-दोन हजारांत बसतं. काळ्या मातीच्या धुळीची गाडी कोरड्या फडक्यानं पुसायची सवय मात्र आधी मोडा, निम्मे ओरखडे तिथूनच येतात. रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून येणारी चमकही खोटी. तेलावर संध्याकाळपर्यंत धूळ बसते. रॉकेल वापरायचं ते फक्त डांबराचे ठिपके काढायला, आणि लगेच धुऊन टाकायचं.

धुणं

आधी नुसत्या पाण्यानं माती सोडवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. कपड्यांची पावडर नको, न विरघळलेले कण घासतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि बोअरच्या जड पाण्यावर गाडी आपोआप वाळू दिली तर क्षारांचे पांढरे गोल डाग उरतात, म्हणून एकेक भाग धुवून लगेच टिपा. जुने डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मिनिटभर ठेवल्यावर सुटतात. नंतर भरपूर पाणी ओता. गडचांदूर-कोरपन्याकडची सिमेंटची धूळ दवानं ओली होऊन चिकटते, तिलाही हाच उपाय.

हातात पातळ पॉलिथिनची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार हवा. शाम्पूच्या पाण्यानं पत्रा निसरडा ठेवून तो हलक्या हातानं सरळ फिरवा, मळला की दुमडा. जमिनीवर पडला तर फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा पूर्ण दरवाजा चिरतो.

घोटाई

काच, रबर, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या कडा टेपनं झाका. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि तिथंच आधी पत्रा उघडा पडतो. दोन बाय दोन फुटांचा तुकडा धरा, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके घ्या, आधी आडवं, मग उभं घोटा. सात-आठ फेऱ्यांनी कंपाउंड पारदर्शक होत आलं की पुसा आणि उन्हात तिरपं पाहा. कंपाउंडमधलं तेल ओरखडे तात्पुरतं झाकतं, म्हणून ओल्या साबणी फडक्यानं एकदा पुसूनच निकाल ठरवा.

ड्रिल मशीनला पॅड लावता येतं, पण वेग १,५०० फेऱ्यांच्या आत ठेवा आणि पॅड एका जागी थांबवू नका. वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर मागून आणू नका. तो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, काही सेकंदांत रंग जाळतो.

कंपाउंडनंतर वेगळ्या स्वच्छ पॅडनं बारीक पॉलिश, मग वॅक्सचा पातळ हात.

ओरखडे आणि गंज

नख अडकत नसेल तर घोटाईनं ओरखडा जातो. नख अडकलं तर रंग भरावा लागतो. रंगाचा कोड बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. मारुतीच्या सुपीरिअर व्हाइटचा २६ यू. कोड दाखवला की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पेंट दुकानात थोडा रंग मिसळून मिळतो. उन्हानं गाडी फिकी झालेली असल्यानं तो किंचित गडद दिसेल. बारीक ब्रशनं अर्ध्या-अर्ध्या तासानं तीन-चार पातळ थर द्या, रंग किंचित वर आला पाहिजे. आठवडाभरानं २००० आणि मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावत, फक्त तेवढाच उंचवटा सपाट करा आणि घोटा.

गंजावर नुसता रंग मारला तर पावसाळ्यात फुगारा येतो, कारण खाली गंज वाढतच राहतो. ८० नंबरच्या पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडा, भोवतीची कड ३२० नंबरनं उतरती करा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावा. खिडकीच्या गजांना लावतात तो लाल ऑक्साइड इथं नको. वर लॅकर (थिनर उडून वाळणारा) रंग आला की त्यातल्या थिनरनं खालचा थर उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. खड्डा असेल तर लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरा, तिच्या १०० ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर, थर दोन-तीन मिलिमीटरच. लांबी कोरडीच घासा. ती पाणी शोषते आणि आतून पुन्हा गंज सुरू होतो.

स्प्रेचा डबा वापरायचा असेल तर टिनाच्या शेडमध्ये जमिनीवर सडा टाका, धूळ बसते. डबा वीतभर अंतरावर धरून तीन पातळ थर, मध्ये दहा मिनिटं. पावसाळी दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, कडक उन्हात तो हवेतच वाळून खरबरीत बसतो. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर घरी फवारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं, तोंडाला बांधलेला दुपट्टा ते अडवत नाही. तेवढं काम पेंटरकडून करून घ्या.

नव्या रंगावर महिनाभर वॅक्स लावू नका, आतला थिनर उडून जायला वाट हवी. तोवर ताडपत्रीही घालू नका, आणि पक्ष्यांची विष्ठा पडली तर घासण्याऐवजी ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून मऊ झाल्यावर उचला.