थंडीत मध रवाळ झाला तर

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला, की बाटलीतला मध खाली घट्ट, रवाळ होतो. लगेच 'साखरपाक विकला मेल्यानं' म्हणत दुकानदारावर चिडू नका. मधातल्या ग्लुकोजचे कण होतात आणि १४ अंशांच्या आसपास ते भराभर जमतात. खऱ्या मधाचंही असंच होतं.

आंघोळीला घेतो तेवढ्या, म्हणजे साधारण ४० अंश गरम पाण्यात काचेची बाटली अर्धा तास ठेवा, अधूनमधून पाणी बदला. गॅसवर उकळलात तर सुगंध गेलाच. प्लॅस्टिकच्या बाटलीतला मध आधी काचेच्या बरणीत काढलेला बरा. चमचा कोरडाच हवा. ओलाव्यानं मध आंबतो.

मी तर थोडा रवाळच ठेवते, गरम पोळीवर तुपासोबत छान लागतो! संत्र्याच्या रसातही चमचाभर घालून बघा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

आणि काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याची बाग असेल, तर आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत येणारा संत्र्याचा फुलोरा) फुलावर असताना फवारणी टाळा. मधमाश्या तेव्हाच फुलांवर असतात.